डोंगराचे डबे

डोंगराकडे जाणाऱ्या डब्यांतली माणसं रात्रभर कुडकुडली आणि समुद्राकडे जाणाऱ्या डब्यांतली माणसं ब्लँकेटं पायाशी लोटून घामाघूम झाली, झालं होतं ते एवढंच. कुणी आजारी पडलं नाही की कुणाचं काही हरवलं नाही. साहेबांनी सकाळी रेल्वेच्या चादरींच्या खात्यात फोन करून तिला सांगितलं तेही हसत हसत. "बाई, ज्यांना नको त्यांना पांघरूण घातलंत आणि ज्यांना हवं त्यांना ठेंगा दाखवलात की हो." मग जरा थांबून, बहुधा तिला फार लागू नये म्हणून, ते म्हणाले, "तुमच्यासारख्या मुरलेल्या माणसाकडूनच होते ही चूक. नवीन कुणी असतं ना, तर पाटी वाचून माल चढवला असता." त्यांनी फोन ठेवला. ती मात्र रिसीव्हर कानाशी धरून तशीच उभी राहिली. मागे इस्त्रीच्या रुळांमधून चादरी वाफाळत बाहेर येत होत्या, सोड्याच्या वासानं नाक भरलं होतं, गाठोडी बांधणारे काका काहीतरी विचारत होते आणि तिला ते ऐकू येत नव्हतं. चूक माणसाकडून होते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण मुरलेल्या माणसाकडूनच होते अशी एखादी चूक असते, हे तिच्या डोक्यात इतक्या वर्षांत आलंच नव्हतं. आणि आलं ते नेमकं या आठवड्यात, बाबा तिकडे अंथरुणाला खिळलेले असताना.

गाडी तशी एकच. शहरातून सकाळी निघायची, दिवसभर सपाट मुलखातून धावायची आणि संध्याकाळी जंक्शनला पोचली की तिचे दोन तुकडे व्हायचे. पुढचा भाग समुद्राकडे, मागचा डोंगराकडे. लोक त्याला गाडी तुटते म्हणत, अगदी सहज, काठी तुटते म्हणावं तसं. चादरींच्या खात्याला त्यामुळे दोन प्रकारची गाठोडी बांधावी लागत. समुद्राकडच्या डब्यांना चादर, उशीचा अभ्रा, टॉवेल. डोंगराकडच्या डब्यांना हे सगळं आणि वर जाड ब्लँकेट. डोंगराच्या गाठोड्याला हिरवी दोरी. डोंगराचे डबे नेहमी फाटकाजवळ उभे असत, म्हणून हिरव्या दोरीवाली ढकलगाडी फाटकाशी रिकामी करायची आणि दुसरी पार पुढे न्यायची. हे ती आता डोळे मिटून करू शकली असती, आणि परवा तसंच झालं. रुळांचं काम चालू होतं, म्हणून रिकामी गाडी यार्डातून वळसा घेऊन आली आणि तिचं तोंड फिरलं. फाटकाशी डोंगराचे डबे नव्हतेच. पाट्या जागच्या जागी होत्या, हातभर लांबीच्या, पांढऱ्यावर काळ्या अक्षरांच्या, आणि ती त्यांच्या खालून तीनदा तरी गेली असेल. काकांनी एकदा विचारलंही होतं, "बाई, हेच ना?" तर ती म्हणाली होती, "आज काय पहिल्यांदा चढवताय का?" मग त्यांनी बिचाऱ्यांनी माल चढवला. तिचा तोरा असा की कुणी पुढे बोलूच नये. आता त्या तोऱ्याची तिला लाज वाटायला हवी होती, पण लाजेऐवजी छातीत काहीतरी मोकळं होत चाललं होतं. फार दिवसांनी उघडलेल्या खोलीत हवा शिरावी तसं, आणि ती भांबावली होती.

कारण बाबा असेच हरवले होते. हरवले म्हणजे अगदीच नव्हे; चार-सहा दिवसांनी परत आले होते. पण त्यांच्या घरात ती गोष्ट 'बाबा हरवले तेव्हा' अशीच सुरू व्हायची, आणि ती सांगायची आईनं. आई ती गोष्ट इतकी रंगवून सांगायची की पाहुणे चहा थंड करून ऐकत. बाबा चष्म्याच्या फ्रेम विकायचे. पातळ कप्प्यांची पेटी घेऊन ते या लाइनीवरच्या गावागावांतून फिरत, दुकानदारांना फ्रेम दाखवत, त्यामुळे जंक्शन म्हणजे त्यांचं दुसरं घर. त्या वर्षी सगळे समुद्राकडे, मावशीकडे निघाले होते. जंक्शनला गाडी थांबली, बाबा गरम पाणी आणायला उतरले आणि गेले ते गेले. "अहो, आमची गाडी सुटली तरी यांचा पत्ता नाही," आई सांगायची, "मी म्हटलं, पाणी उकळायला बसले की काय स्वतः! आणि हे महाशय कुठे? तर डोंगराच्या डब्यात. आरामात बसलेत, शेजाऱ्याशी गप्पा मारतायत, आणि यांना वाटतंय बायको-मुलगी पलीकडच्या खणात आहेत." इथे सगळे हसायचे. "ज्या माणसाला या लाइनीवरचा दगड न् दगड ठाऊक, तो डब्यात चुकला! पट्टीचा पोहणारा न्हाणीघरात घसरावा, तसं." बाबा असले तर मान खाली घालून हसायचे. तीही हसायची. लहानपणी कितीतरी दिवस तिला ही घरातली सगळ्यात मजेदार गोष्ट वाटायची, आणि मैत्रिणींना ती आईच्याच आवाजात, हातवारे करून सांगायची.

मग बाबांच्या डोंगराकडच्या फेऱ्या वाढल्या. आधी धंदा म्हणून, मग तब्येतीला मानवते म्हणून, आणि शेवटी काहीच न सांगता. तिकडे एका चष्म्याच्या दुकानाची मालकीण होती. आई तिला कायम 'तिकडच्या बाई' म्हणायची, शिवी न देता, आवाजही न चढवता. एका वर्षी बाबांचे कपडे कपाटातून गेले आणि परत आलेच नाहीत. तेव्हा ती शाळेच्या शेवटच्या इयत्तेत होती. एका दुपारी गणित सोडवता सोडवता तिला त्या मजेदार गोष्टीचा हिशेब एकदम लागला होता. डब्यात कुणी चुकत नाही. निदान बाबा चुकत नाहीत. तिनं वही मिटली आणि तेव्हापासून ती बाबांशी बोलली नाही. आईसमोर ती एकदाच म्हणाली होती, "चुकून नव्हते गेले ते." आई कपडे वाळत घालत होती. तिनं चिमटे तोंडात धरलेले, त्यामुळे नुसतं डोक्यानंच 'नाही' म्हटलं. मग चिमटे काढून म्हणाली, "चुकूनच गेले होते. तू लहान होतीस, तुला काय आठवणार." ही गोष्ट आई मरेपर्यंत तशीच सांगत राहिली. शेवटी दवाखान्यात नर्सलासुद्धा सांगितली, धाप लागत असताना, आणि नर्स हसली. तिला त्या वेळी आईचाही राग आला होता. इतकं कसं कुणी भाबडं असावं, आणि असलंच तर जगाला का दाखवावं.

गेल्या आठवड्यात तिकडच्या बाईंचा फोन आला होता. आयुष्यात पहिल्यांदा. आवाज म्हातारा, काळजीपूर्वक. "हृदय थकलंय, डॉक्टर म्हणतात आता फार दिवस नाहीत. ते तुमचं नाव घेतात. मी सांगितलं म्हणून नाही, तुमचं मन असेल तर या." ती म्हणाली होती, "बघते." आणि ते 'बघते' म्हणजे नाही हे दोघींनाही कळलं होतं. जायचं तर काय म्हणून? खोटं बोलून निघून गेलेल्या माणसाच्या उशाशी बसून त्याची औषधं मोजायला? सोडून जाण्याचं तिला इतकं दुःख नव्हतं. माणसं सोडून जातात, तिच्याच खात्यात नवऱ्यानं सोडलेल्या तीन जणी होत्या. तिला सलायचा तो खोटेपणा. आईला जन्मभर हसत ठेवणारा, चुकलो चुकलो म्हणत मान खाली घालणारा. तो कसा विसरायचा हे तिला कळत नव्हतं, आणि विसरला नाही तर बाबा असेच जातील, हेही तिला स्वच्छ दिसत होतं.

आणि आता हे. दिवसभर ती चादरींच्या ढिगाऱ्यांमधून फिरली, पण मनात जंक्शनच होतं. दुपारी तिनं जंक्शनवर काम केलेल्या एका जुन्या गार्डला गाठलं. पेन्शन घ्यायला आला होता, दात नव्हते, पण गाडीचं नाव काढल्यावर खुलला. समुद्राचा भाग, तो म्हणाला, जंक्शनला जागचा हलत नाही. डोंगराचा भाग ओढून त्याच फलाटाच्या पलीकडच्या बाजूला लावतात. "पण गाडी उलटी आली असली तर?" तिनं विचारलं. "उलटी आली तर सगळंच उलटं. समुद्राचा भाग पलीकडे जातो आणि त्याच्या जागी डोंगराचा येऊन लागतो. तेव्हा फार माणसं चुकायची. नवी नाही हो, नवी माणसं विचारून विचारून जीव खातात. चुकायची ती रोजची. आपला डबा हलत नाही म्हणून खुशाल येऊन बसायची." तिला तिथेच त्या बाकावर बसावंसं वाटलं. बाबा गरम पाणी घेऊन आले असतील, उतरले होते त्याच जागी आले असतील, वर न बघता चढले असतील. परवा ती स्वतः पाटीखालून गेली होती, तसेच. म्हणजे आई खरं सांगत होती. भाबडी होती ती आपणच, वहीतल्या गणितावर विश्वास ठेवणारी. नंतरचं सगळं नंतरचं. बाई, दुकान, कपाट, तो वेगळा गुन्हा. पण ती पहिली गोष्ट, घरातली ती एकुलती एक हसण्याची गोष्ट, खरी होती. ती इतकी हलकी झाली की परत येताना काकांना म्हणाली, "काका, परवा तुम्ही विचारलं होतंत, मीच ऐकलं नाही."

घरी नवरा जिन्याच्या दिव्याचं काहीतरी उघडून बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, बोलायचा कमी आणि ऐकायचा पुरतं. तिनं सगळं सांगितलं, अगदी गार्डच्या बोळक्या तोंडापर्यंत. तो म्हणाला, "मग जा."

"जातेच आहे."

"खरं असलं नसलं तरी जा, असं म्हणतोय मी."

"खरं आहे म्हणून तर जातेय," ती म्हणाली, आणि तो पेचकस फिरवत राहिला.

गाडीत ती डोंगराच्या डब्यात बसली. आपल्याच खात्याच्या चादरीवर प्रवासी म्हणून बसताना तिला अवघडल्यासारखं झालं. घडी नीट आहे का, डाग आहे का, हात आपोआप फिरत राहिला. बाहेर सपाट मुलूख सरकत होता आणि ती मनाशी वाक्यं जुळवत होती. काय म्हणायचं? 'बाबा, मला कळलं.' की 'बाबा, गाडी उलटी आली होती ना त्या दिवशी?' हे दुसरं बरं. प्रश्न विचारला की त्यांना नुसतं हो म्हणता येईल. थकलेल्या माणसाला जास्त बोलायला लावू नये. ते हो म्हणतील आणि मान खाली घालून हसतील, आणि मग ती आईची गोष्ट सांगेल, पोहणाऱ्या माणसासकट, आणि दोघं हसतील. बस, याहून जास्त काही नको होतं तिला. इतक्या वर्षांनी माफ करायचं तर काहीतरी माफ करण्याजोगं हातात पाहिजे, आणि ते तिला सापडलं होतं. ती वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणत गेली आणि जेवणाचा डबा आला तेव्हा तिला कळलं की आपण ओठ हलवतोय. समोरच्या म्हातारीनं सहानुभूतीनं खिडकीबाहेर नजर वळवली.

जंक्शन आलं तेव्हा ऊन उतरलं होतं. हे स्टेशन गावाच्या आधीचं. आधी स्टेशन झालं, मग गाव त्याच्या पायाशी येऊन बसलं. मोठ्या हॉलच्या छताला लोखंडी कमानी, खांबांच्या बुडाशी ओतीव लोखंडाची पानंफुलं, इतके रंग चढलेले की पाकळ्या बुजून गेलेल्या. दोन तोंडांचं घड्याळ. उपाहारगृहाच्या पितळी कठड्यावर हात ठेवून ठेवून माणसांनी तो एका बाजूनं झिजवलेला. इथे पूर्वी लोक बदलीच्या गाडीसाठी रात्र रात्र काढत, लांब हातांच्या खुर्च्यांत पाय पसरून झोपत. त्या खुर्च्या अजून होत्या, भिंतीशी ओळीनं, रिकाम्या. ती उतरली. गरम पाण्याचा नळ हॉलच्या टोकाशी, फलाटापासून बराच लांब. इथून परत येताना डब्यांची नुसती पाठ दिसते, पाट्या नाहीत, हे तिनं डोळ्यांनी पाहून घेतलं आणि तिला समाधान वाटलं. डबे सुटे झाले, हिसका बसला, डोंगराचा भाग फलाटाच्या पलीकडच्या बाजूला आला. ती चढण्याआधी थांबली आणि वर बघून पाटी वाचली. मग एखाद्या शाळकरी मुलीसारखी पुन्हा वाचली. रात्री खरोखरच थंडी पडली आणि ब्लँकेट होतं.

तिकडच्या बाई स्टेशनवर आल्या होत्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, हातात छत्री. त्यांनी तिची पिशवी घेऊ पाहिली आणि तिनं दिली नाही. मग दोघीही एकेक बंद धरून चालल्या. घर दुकानाच्या वरच होतं. जिन्यात बाई म्हणाल्या, "रात्री झोप नाही त्यांना. बसूनच असतात. तुम्ही या, मी खालीच आहे," आणि त्या खरोखरच खाली गेल्या. खोलीत एक पलंग, एक खिडकी, टेबलावर औषधं आणि एक जुनी फ्रेमची पेटी. बाबा तीन उश्यांना टेकून बसले होते. पाय सुजलेले, चेहरा मात्र लहान झालेला. ते तिच्याकडे बघत राहिले आणि तिनं जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही तिला आठवेना.

"थंडी वाजली का गाडीत?" त्यांनी विचारलं.

"नाही. ब्लँकेट होतं."

"हां. देतात ते डोंगराच्या डब्यांना." त्यांना धाप लागत होती, एकेक वाक्य वेगळं येत होतं. "बस ना."

ती उभीच राहिली. आणि मग ते वाक्य आलं, जरा घाईनंच. "बाबा, त्या दिवशी गाडी उलटी आली होती ना? आपण मावशीकडे निघालो होतो तेव्हा. मी चौकशी केली. गाडी उलटी आली की समुद्राचा भाग पलीकडे नेतात आणि डोंगराचा त्याच्या जागी येतो. तुम्ही जुन्या जागी येऊन चढलात. माझ्याकडूनही परवा तेच झालं, मी पाटी वाचलीच नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं..." ती थांबली. पुढचं त्यांनी बोलायचं होतं.

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही. "उलटी आली होती," ते म्हणाले. "ते बरोबर शोधलंस. मी जुन्या जागीच आलो." मग श्वास घेतला. "पण पाटी वाचली मी."

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"वाचली. आणि वळून पाहिलं तर समोरच तुमचा डबा. मध्ये नुसता फलाट. तू खिडकीशी होतीस. इथे माझं माणूस होतं तेव्हाही. दर खेपेला ठरवायचो, घरी सांगेन. त्या दिवशी पाय उचलला आणि चढलो. मनात म्हटलं, क्षणभर बसतो, उतरेन. गाडी सुटताना हळू असते गं, उतरता येतं. म्हातारी माणसंसुद्धा उतरतात."

"आईला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. हे विचारणं होतं की सांगणं, तिलाच कळलं नाही.

"तिनं पाहिलं मला." त्यांनी डोळे मिटले. "खिडकीतून. आमची नजरानजर झाली. तिनं हाक नाही मारली. तुझं डोकं ओढून मांडीवर घेतलं, आणि पदर टाकला तुझ्यावर. तू बघू नयेस म्हणून. गाडी हलेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. मग मी घरी आलो परत, आठवतं? सांगायचं ठरवून आलो होतो. तू दार उघडलंस. मी तोंड उघडायच्या आत ती आतून हसत आली आणि तुला म्हणाली, बघ, हरवलेले बाबा सापडले, डब्यात चुकले होते वेडे. तू इतकी हसलीस. मग काय सांगणार."

खाली दुकानात कुणी गिऱ्हाईक आलं असावं. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, बाईंचा हळू आवाज आला. ती उभी होती आणि तिला आई दिसत होती. गोष्ट सांगणारी नव्हे, तर गोष्ट जुळवत खिडकीशी बसलेली. मांडीवर मूल, समोर नवरा, आणि मावशीचं गाव येईपर्यंतच्या लांबलचक रात्रीत एकेक वाक्य हसण्याजोगं करत नेणारी. आईला भाबडी म्हटल्याचं तिला फार वाईट वाटलं. म्हणजे शाळेत होती तेव्हाच तिचं बरोबर होतं. बरोबर असण्यात काडीचंही सुख नव्हतं. राग होता, पुरेपूर, पूर्वीपेक्षाही जास्त. पण तिनं स्वतःच्या हातानं आणून दिलेली सबब या माणसानं घेतली नव्हती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं, आणि धाप लागत असताना एवढं सगळं बोलण्यापेक्षा ते किती सोपं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्याशी खरं बोलले होते, आणि आता त्यांच्यापाशी आणखी खोटं बोलायला वेळही उरला नव्हता.

"दुपारी परतीची गाडी असते," बाबा म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच होते. "राग आला असेल तर जा. मी काही म्हणणार नाही. हिला सांग, ती पोचवेल."

"आलाय राग," ती म्हणाली.

"येणारच."

तिनं पिशवी खाली ठेवली, चपला काढून पलंगाखाली सरकवल्या आणि त्यांच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. खोलीत खुर्ची नव्हतीच.

"जरा सरका," ती म्हणाली.

बाबांनी डोळे उघडले. एका हातानं गादी धरून, थांबत थांबत, ते भिंतीला लागेपर्यंत सरकले.